पावसाळ्यात उघडायच्या चार सरकारी जागा, आणि तिथले आकडे वाचायचे कसे

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप.

पाऊस सुरू झाला की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "पुढचे ४८ तास अत्यंत धोक्याचे, सर्वांना पाठवा." कुठल्या जिल्ह्यासाठी, कुठल्या वर्षीचा, कुणी काढला, काही पत्ता नसतो. गंमत म्हणजे खरी माहिती फुकट आणि रोज ताजी मिळते, तीही सरकारी साइट्सवर. पण मी सॉफ्टवेअरवाली असल्यामुळे एक गोष्ट पक्की सांगते: डेटा समोर असणं आणि तो कळणं, यात फरक आहे. म्हणून आज नुसती यादी देत नाही. कुठला आकडा नेमकं काय मोजतो, तेही बघू.

१. हवामान विभाग: रंग आणि मिलिमीटर

पत्ता आहे मौसम डॉट आयएमडी डॉट जीओव्ही डॉट इन. 'मौसम' नावाचं ॲपही आहे. इथे जिल्हावार इशारे चार रंगांत मिळतात. हिरवा म्हणजे निवांत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. रेड म्हणजे आता कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती पडेल एवढंच बघत नाहीत, त्याचा परिणाम काय होईल हेही बघतात. म्हणून रंग वाचताना "मी आता काय करायचं?" हा प्रश्न विचारायचा.

आता शब्द. 'मुसळधार' आपण कशालाही म्हणतो, हवामान विभाग म्हणत नाही. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्यावर गेला की अत्यंत जोरदार. हे २४ तास रात्री बारापासून मोजत नाहीत, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. त्यामुळे आजच्या तारखेसमोर दिसणारा पाऊस बराचसा कालचा असतो.

मिलिमीटर डोळ्यांसमोर आणायची सोपी युक्ती: १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. तुमच्या बिल्डिंगची गच्ची १,००० चौरस फुटांची असेल आणि १०० मिमी पाऊस झाला, तर तिच्यावर साधारण ९,३०० लिटर पाणी पडलं. जवळजवळ एक टँकर!

'तुरळक ठिकाणी' हा शब्दही नीट वाचा. याचा अर्थ पाऊस कमी असा नाही. अर्थ असा की त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर तो पडेल. 'तुरळक ठिकाणी अति जोरदार' असं लिहिलं असेल आणि त्या तुरळकात तुमचं गाव आलं, तर तुमच्यासाठी तो शंभर टक्केच. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. शहर एक, दिवस एक.

घराबाहेर पडण्याआधी मी 'नाऊकास्ट' बघते. तो फक्त पुढच्या तीन तासांपुरता असतो. चार दिवसांच्या अंदाजापेक्षा ऑफिसमधून निघताना तोच कामाला येतो.

२. दामिनी: विजेसाठी

हे ॲप पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी संस्थेचं. तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का, ते नकाशावर दिसतं. शहरात कदाचित याची गरज वाटणार नाही. पण गावाकडे शेतात काम करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये ते हवंच. या सुट्टीत घरी गेलात की स्वतः टाकून द्या, लोकेशनची परवानगी चालू करा. आणि ॲप असो वा नसो, गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. झाडाखाली थांबायचं नाही. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं.

३. सचेत: सगळे इशारे एका जागी

सचेत डॉट एनडीएमए डॉट जीओव्ही डॉट इन. २०२३ मध्ये अनेकांचे फोन अचानक मोठ्याने वाजले होते आणि 'इमर्जन्सी अलर्ट'ची चाचणी स्क्रीनवर आली होती, आठवतंय? हे त्याच प्रयत्नातलं भावंड. पूर, वादळ, वीज, उष्णतेची लाट, सगळ्यांचे अधिकृत इशारे इथे एकत्र मिळतात. ग्रुपवरचा मेसेज खरा की खोटा, हे तपासायला ही जागा उत्तम. मेसेजमधला इशारा इथे नसेल, तर पुढे पाठवू नका.

४. जलसंपदा विभाग: धरणात पाणी किती

डब्ल्यूआरडी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. इथे धरणांचा साठा मिळतो. माझा मामा सोलापूर जिल्ह्यात माढ्याकडे ऊस करतो. उन्हाळ्यात त्याचा फोन ठरलेला: "पोरी, उजनी वजामध्ये गेली म्हणतात, वजा पाणी कसलं गं?"

प्रश्न बरोबर आहे. टक्केवारी एकूण पाण्याची नसते, ती 'उपयुक्त साठ्या'ची असते. त्याच्या खालचा तो मृतसाठा. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ मृत. म्हणजे साइटवर शून्य टक्के दिसतं, तेव्हाही धरणात ६३ टीएमसी असतात. मृतसाठ्यातलं पाणी वापरायला लागलो की आकडा वजामध्ये जातो. उणे २० टक्के म्हणजे साधारण ५२ टीएमसी शिल्लक, अर्थात त्यात गाळही आला. कोयनेचं उलट आहे. तिथे एकूण सुमारे १०५ आणि मृतसाठा जेमतेम ५. म्हणून दोन धरणांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करायची नाही, टीएमसी बघायचे.

आणि क्युसेक? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. १०,००० क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हिशेब केला तर सुमारे ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी संपतो. नदीकाठी राहत असाल तर हे पाठच करा. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा वेळी तुमच्या गल्लीत किती पाऊस पडतोय, एवढ्यावर जाऊ नका. वरच्या धरणातून किती सोडतायत आणि तो आकडा वाढतोय का, ते बघा.

शेवटचं: पत्ता खरा कसा ओळखायचा

'जीओव्ही डॉट इन' हे नाव फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळतं. पण ते पत्त्यात कुठे आहे, ते महत्त्वाचं. पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी असेल तर ठीक. 'अमुक डॉट जीओव्ही डॉट इन डॉट तमुक डॉट कॉम' असेल तर मालक तो तमुक. उलट, काही खऱ्या सेवा या नावाखाली नाहीतही. महावितरणचा पत्ता 'महाडिस्कॉम डॉट इन' आहे. म्हणून मेसेजमधल्या लिंकवरून जायचंच नाही, पत्ता स्वतः टाकायचा. चलन किंवा वीजबिलाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर उघडायची नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

आजचा गृहपाठ छोटा आहे. या चारही जागा फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा आणि तुमच्या वरच्या बाजूला कुठलं धरण आहे ते शोधा. सापडलं की कॉमेंटमध्ये त्याचं नाव आणि आजचा साठा लिहा. टीएमसीमध्ये हं, टक्क्यांत नाही!

भेटू पुढच्या भागात.