जुन्या पिकअपचा शाफ्ट: क्रॉस नवा टाकला, तरी थरथर का?

गिअर टाकला की खालून 'टक्' आवाज, वेग धरला की गाडी थरथरते. बहुतेक वेळा शाफ्टचा क्रॉस संपलेला असतो. भरल्या गाडीत तो तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आदळतो.

उतरवण्याआधी चाकांना दगड लावा. शाफ्ट निघाला की गिअरमधली गाडीसुद्धा घरंगळते. मग सरकत्या जोडावर पेंटने खूण करा. कांदा भरायच्या घाईत मी ती केली नाही. क्रॉस नवा, थरथर जुनीच! जोड एक दात फिरून बसला होता. क्रॉस बसतो ते दोन्हीकडचे कान एका रेषेतच हवेत.

जोडाचे दातच झिजले असतील तर नुसत्या क्रॉसचे पैसे वाया जातात. नळीला वेल्डिंग केलं तर लेथवाल्याकडून बॅलन्सिंग करूनच घ्या. ग्रीस क्रॉसच्या चारही टोकांतून बाहेर येईपर्यंत मारा.