संशयाचा फायदा फौजीला

उद्या सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीने खूण करा. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तशीच एक खूण करा. रात्रीची खूण खाली आलेली दिसेल, सेंटीमीटरभर तरी! दिवसभरात तुम्ही खरोखरच बुटके झालेले असता. त्यातली जवळपास निम्मी घट तर उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच होऊन जाते.

ही उंची जाते कुठे? मणक्यांच्या मधल्या 23 गाद्यांमध्ये. गादीला बाहेरून चिवट तंतूंचे थर आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. दिवसभर भार पडला की तिच्यातलं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं झालं की परत शोषलं जातं. त्याहून नवल म्हणजे मोठ्या माणसाच्या या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिनीच नसते! तिचं अन्न शेजारच्या हाडातून हळूहळू झिरपत येतं. म्हणून गादी एकदा झिजली की भरून येणं फार अवघड.

तिच्यावर ताण तरी किती पडतो? 1999 मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत त्यांनी चक्क दाबमापक बसवला होता. सरळ उभं असताना जेवढा दाब, त्याच्या साडेचार पट दाब पाठ वाकवून 20 किलो उचलताना नोंदला गेला. 20 किलो म्हणजे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं एक क्रेट. गुडघे वाकवून तेच वजन उचललं, तर दाब साडेतीन पटीच्या आसपास राहिला. वजन तेच, पण नुसती उचलण्याची रीत बदलली आणि एवढा फरक पडला!

अति दाबाखाली काय होतं, ते पुरणपोळी लाटणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. एका बाजूला जोर जास्त पडला की दुसऱ्या कडेने पुरण बाहेर येतं. गादीतला गर असाच बाहेर येऊन मज्जातंतूला टेकला की कमरेतून पोटरीपर्यंत कळ जाते. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आली’.

मानेची गोष्ट आणखी अजब. तिच्यात फक्त सात मणके, जिराफाइतकेच! मान डावी-उजवीकडे वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळणं एकट्या वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं. त्यांच्यावर पाचेक किलोचं डोकं. फौजीच्या बाबतीत त्यावर हेल्मेट, पाठीवर पिठ्ठू आणि बुडाखाली डोंगरी रस्त्यावर आदळणारी गाडी. हे सगळं पंधरा-वीस वर्षं.

आता जुन्नर किंवा आंबेगावच्या एखाद्या गावातला असाच फौजी डोळ्यांसमोर आणा. निवृत्त होताना त्याचा मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांची तपासणी, झाला. कागदावर आलं, मानेचा स्पॉन्डिलोसिस म्हणजे मानेच्या कण्याची झीज, अपंगत्व 20 टक्के. शेजारच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. झालं, अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली.

गोळी लागली असती तर कारण विचारायची वेळच आली नसती. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, एक गोळी कण्यात रुतली. त्याच पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. त्यांच्या जखमेला तारीख होती, जागा होती, साक्षीदार होते. झिजलेल्या गादीला यातलं काहीच नसतं.

मग एमआरआय काढून निकाल लावता येणार नाही का? इथेच विज्ञान आपल्याला चकवतं. 2015 मध्ये एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांची चित्रं एकत्र तपासली गेली. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांच्या! फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या कण्यांचा अभ्यास झाला, तेव्हा झिजेत कामाच्या ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला. म्हणजे लष्करी डॉक्टरांची शंका बिनबुडाची नाही. झीज झाली आहे एवढं चित्र दाखवतं. ती कशाने झाली, याचं उत्तर त्यात नसतं.

उत्तरच मिळत नसेल तर न्याय कसा करायचा? कायद्याने इथे जे केलं, ते मला या गोष्टीतलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. त्याने प्रश्नच फिरवला. झीज कशाने झाली हे नक्की कळत नसेल, तर त्या न कळण्याचा भुर्दंड कुणी सोसायचा? 1982 च्या लष्करी पेन्शन नियमांनी उत्तर दिलं, सरकारने. हक्क सिद्ध करायचं ओझं फौजीवर टाकायचं नाही आणि रास्त संशय उरला तर त्याचा फायदा त्याला द्यायचा. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे आपण ऐकून असतो. इथे तो सरकारकडे पैसे मागणाऱ्याला दिला गेला!

‘वाजवी संशयापलीकडे’ पुरावा म्हणजे नेमका किती, हे समजावताना भारतातली न्यायालयंही 1947 च्या एका इंग्लिश निकालाचा आधार घेतात. न्यायाधीश डेनिंग यांचा हा निकाल एखाद्या खुनाच्या खटल्यातला असेल असं वाटतं ना? तो आहे कर्करोगाने मरण पावलेल्या एका सैनिकाच्या विधवेने मागितलेल्या पेन्शनबद्दलचा.

आपल्याकडे संशयाचा फायदा फौजीला देण्याचा विचार ठामपणे मांडला गेला 2 जुलै 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या धरमवीर सिंग निकालात. धरमवीर सिंग 1985 मध्ये भरती झाले आणि फेफऱ्यामुळे 1994 मध्ये घरी पाठवले गेले. अपंगत्व 20 टक्के. बोर्डाचं म्हणणं, आजार शरीराच्या घडणीतलाच आहे. न्यायालयाने मागे जाऊन भरतीच्या दिवसाचा कागद पाहिला. त्यावर या आजाराची नोंदच नव्हती. मग हा माणूस सैन्यात शिरला तेव्हा धडधाकट होता असं धरावं लागेल. आजार आधीपासून होता आणि तपासणीत दिसणं शक्यच नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याने कारणं लिहावीत. कारणं लिहिलेली नव्हती, आणि धरमवीर सिंग जिंकले. भरतीच्या वेळी कोरा सोडलेला एक रकाना काही वर्षांनी फौजीच्या बाजूने साक्ष देतो!

फौजी जागा व्हायला उशीर झाला असेल तर? तरसेम सिंग 1983 मध्ये वैद्यकीय कारणाने बाहेर पडले आणि उच्च न्यायालयात गेले ते 1999 मध्ये. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दर महिन्याला न मिळालेली पेन्शन हा दर महिन्याचा नवा अन्याय आहे. त्यामुळे हक्क बुडत नाही, थकबाकी मात्र साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते.

आकड्यांचीही एक गंमत आहे. 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने टक्के वर नेऊन धरण्याचा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. या हिशोबात 20 टक्क्यांचे 50 होतात. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते. म्हणजे 50,000 रुपये पगारावर 20 टक्क्यांचे 3,000 रुपये झाले असते, 50 टक्क्यांचे 7,500 होतात. नियम मात्र 2008 मध्ये बदलले, 2023 मध्ये पुन्हा बदलले, आणि 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना हे नवे नियम लागू आहेत. म्हणून आधी निवृत्तीची तारीख पाहावी लागते.

हा हक्क मागायची वाट जुन्नरहून मंचर, राजगुरुनगर करत पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येते. तिथे अर्जाला मदत मिळते. पहिलं अपील, दुसरं अपील, आणि तरीही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. 2007 च्या कायद्याने हे न्यायाधिकरण उभं राहिलं, ते खास फौजींच्या प्रकरणांसाठी. अपिलाला सहा महिन्यांच्या मुदती असतात, तेवढ्या सांभाळायच्या.

तुमच्या घरात माजी सैनिक असेल आणि बोर्डाच्या कागदावर तो नकाराचा रकाना असेल, तर कारण खाली लिहिलंय का ते आधी बघा. नुसता शिक्का मारलेला नकार आणि कारणं देऊन केलेला नकार यांत न्यायालय फरक करतं. मान कशाने झिजली हे उद्याही कदाचित कुणाला नक्की सांगता येणार नाही. पण भरतीच्या दिवशी सरकारच्याच डॉक्टरने ती मान तपासून ठणठणीत ठरवली होती, आणि त्या निर्णयाची किंमत सरकारनेच चुकती करावी, हे मागायला कुणी संकोचायचं कारण नाही.