लेखकाच्या नावाने पुस्तकांची पेटी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 27 फेब्रुवारीला आपण कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालतो. मराठी भाषा गौरव दिन म्हणजे त्यांचा जन्मदिवस. पण शाळेच्या कपाटात त्यांची किती पुस्तकं आहेत, हे कधी मोजून पाहिलंय का?

कुसुमाग्रज, म्हणजेच वि. वा. शिरवाडकर, 10 मार्च 1999 रोजी गेले. त्यांच्या नावाने नाशिकला असलेल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम सुरू केला. कल्पना विनायक रानडे यांची. वाढदिवसाला किंवा कुणाच्या स्मरणार्थ लोकांनी पुस्तकांसाठी देणगी द्यायची, त्यातून 100 पुस्तकांची पेटी तयार करायची आणि ती एका वाचकगटाकडे सोपवायची. काही महिन्यांनी गटांनी पेट्या आपसात बदलायच्या. अशा पेट्या नाशिकच्या कारागृहात गेल्या, पार दुबईतल्या मराठी माणसांपर्यंत पोचल्या. पेटीत एकट्या कुसुमाग्रजांचीच पुस्तकं नसतात, नाव मात्र त्यांचं असतं. मला हे फार पटतं. पुतळा एका जागी उभा राहतो, पेटी घरोघर फिरते.

आपल्या धाराशिवलाही जानेवारी 2020 मध्ये 93वे साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2024 मध्ये गेले. मांडव उठला, पण त्यांचं एखादं तरी पुस्तक आपल्या गावच्या वाचनालयात आहे का? भास्कर चंदनशिव तर आपल्या कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. टोमॅटोला भाव न मिळालेल्या शेतकऱ्याची त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा इथल्या पोरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

देणगी मागताना मात्र आधी यादी द्या, नाहीतर जुनी गाईडं आणि फाटके अंक येतात. (रद्दी देण्याला ग्रंथदान म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.) आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढवा, पहिल्या पानावर लेखकाच्या स्मरणार्थ अशी चिठ्ठी लावा. आणि कपाटाला कुलूप नको! पुस्तक फाटलं तर जबाबदारी आपल्यावर येईल, या भीतीने आपण ते बंद ठेवतो. मुलांच्या हातात पुस्तक फाटणारच, त्यासाठी डिंक आणि जाड कागद पेटीतच ठेवा.

पहिली पेटी 25 पुस्तकांची असली तरी चालेल. केंद्रातल्या चार शाळांत ती दर दोन महिन्यांनी फिरवा, आणि पुस्तकांची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.