टॅबलेटच्या पडद्यावरील मराठी : संकेतस्थळ आणि ॲप यांची घडण

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान भाविकांत धाकटी पंढरी म्हणून प्रसिद्ध आहे. वारीच्या दिवसांत गडाची वाट माणसांनी फुलते. दसरा-दिवाळी उलटली की जिल्ह्यातील वाटांवर निराळी वर्दळ सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबे कोयते, भांडीकुंडी आणि लहान मुले यांसह पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ती गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. काही मुले हंगामी वसतिगृहात वा आजी-आजोबांजवळ राहतात. काही आईबापांबरोबर फडाजवळच्या कोपीवर जातात आणि त्यांचा पाठ गावच्या शाळेतच राहतो. हा पाठ मुलांबरोबर प्रवास करू शकेल काय, असा प्रश्न टॅबलेट व स्मार्टफोन यांच्या प्रसारामुळे शिक्षकांपुढे उभा राहिला आहे. संकेतस्थळाची रचना आणि ॲपची निर्मिती हे शहरी व्यवसाय मानले जात असले, तरी त्यांचा संबंध थेट या प्रश्नाशी येतो.

हे काम ग्रामीण भागात होऊ शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. आष्टी तालुक्यातील सांगवी पाटण येथील दादासाहेब भगत यांनी पुण्यात इन्फोसिस कंपनीच्या अतिथिगृहात साधी नोकरी करीत असताना संगणकीय चित्रकला व चलतचित्रणाचे शिक्षण घेतले. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले. गावात वीज व मोबाइलच्या लहरी यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी टेकडीवरील गोठ्यात संगणक मांडले आणि गावातील तरुणांना हाताशी धरले. तयार नमुन्यांवरून जाहिराती, पत्रिका व चित्रफलक बनवून देणारी त्यांची संगणकप्रणाली ‘डू ग्राफिक्स’ या नावाने पुढे आली. गोठ्याचेच कौतुक पुष्कळ झाले. वास्तविक लक्षात घेण्याजोगी गोष्ट ती टेकडी होय. जाळ्याची लहर जेथे मिळते तेथे काम न्यावे लागते, आणि जेथे ती मिळत नाही तेथे चालेल असे काम करावे लागते.

अक्षरांची अडचण

मराठी संकेतस्थळ घडविणाऱ्याने सर्वप्रथम लिपीचा विचार करावयास हवा. संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यावयाचा हे ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीस १२८ जागांचे स्वतंत्र दालन मिळाले. तथापि, छपाईच्या सोयीसाठी कार्यालयांतून व मुद्रणालयांतून अनेक वर्षे निराळीच पद्धत रूढ होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट वापरले जात. कागदावर मजकूर उत्तम उमटे. पण तोच मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसे.

असा मजकूर संकेतस्थळावर ठेवल्यास तो शोधयंत्रास सापडत नाही. अंध वाचकासाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली तो वाचू शकत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून पुष्कळ ठिकाणी कागदाचे छायाचित्रच पानावर चढविले जाते. हा उपाय मूळ अडचणीहून महाग पडतो. युनिकोडच्या प्रचलित साठवण पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट जागा घेते. ‘नारायणगड’ या शब्दात काना धरून आठ खुणा आहेत, म्हणजे तो २४ बाइटांत मावतो. एक हजार खुणांची सूचना सुमारे तीन हजार बाइटांची होते. तिचेच छायाचित्र सहज लाखो बाइटांचे होते आणि कमकुवत जाळ्यावर ते उघडेपर्यंत वाचकाचा धीर सुटतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमात स्वयंप्रेरणेने प्रसिद्ध करावयाच्या माहितीबाबत स्थानिक भाषा आणि परिणामकारक माध्यम यांचा विचार करण्यास सांगितले आहे. ज्या मजकुरात गावाचे नाव शोधून सापडत नाही, तो मजकूर प्रसिद्ध झाला असे म्हणणे कठीण आहे.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत, परंतु रूपांतरानंतर शिक्षकाने तो एकदा डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते. मराठीतील ‘ऱ’ अशा वेळी हमखास दगा देतो. बालाघाटातील ‘दऱ्या’ असे लिहावयाचे असता ‘दर्या’ उमटले, तर डोंगराळ प्रदेशात समुद्र अवतरतो. ‘ॲ’ या अक्षराचीही कथा मौजेची आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली; त्यापूर्वी ‘ॲप’ हा शब्दच जोडखुणांची कसरत करून लिहावा लागे. पानाची भाषा मराठी आहे, अशी नोंद पानाच्या आरंभी केल्यास काही फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे आपोआप येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ यासारखे फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळत असल्याने शाळेस खर्च पडत नाही.

पडद्यावरील दोन ओळींमधील अंतर हाही लिपीचाच भाग होय. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजी पानासाठी ठरविलेले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षराच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर ठेवल्यास वाचन सुकर होते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी याहूनही मोकळी रचना बरी.

पडद्याप्रमाणे बदलणारे पान

२०१० च्या जानेवारीत ॲपल कंपनीने आयपॅड जाहीर केला आणि हातात धरावयाच्या मोठ्या पडद्यांचे युग सुरू झाले. तोवर संकेतस्थळाची पाने मेजावरील संगणकाच्या रुंदीस बेतलेली असत. त्याच वर्षी मे महिन्यात ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने एका लेखात नवी पद्धत मांडली. स्तंभांची रुंदी ठरावीक मापात न देता प्रमाणात द्यावी, चित्रे स्तंभाबरोबर आकुंचन पावावीत आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलावी, ही तिची तीन अंगे. विहिरीचे पाणी घागरीत घागरीचा आणि तांब्यात तांब्याचा आकार घेते, तसे एकच पान संगणकावर, टॅबलेटवर व फोनवर योग्य रीतीने मांडले जाते. निरनिराळ्या उपकरणांसाठी निरनिराळी पाने करण्याचा व्याप त्यामुळे वाचला.

बोटाने चालवावयाच्या पडद्यावर कळ किती मोठी असावी, याचेही गणित आहे. अँड्रॉइड प्रणालीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती सुमारे ९ मिलिमीटर रुंद असावी. लहान मुलाचा नेम चुकतो, आणि कोयत्याने घट्टे पडलेल्या बोटांनाही बारीक कळ सापडत नाही.

आकाश टॅबलेटचा अनुभव

विद्यार्थ्यांच्या हाती स्वस्त टॅबलेट देण्याचा देशातील मोठा प्रयत्न म्हणजे ‘आकाश’. तो ५ ऑक्टोबर २०११ रोजी सादर झाला. पहिल्या आवृत्तीचा सात इंची पडदा दाबाने चालणारा होता, प्रक्रियकही मंद होता, तक्रारी आल्या. पुढे हे काम मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आले आणि प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली. संस्थेने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी आकाशवरील ॲपनिर्मितीच्या कार्यशाळाही घेतल्या, आणि प्रकल्पातील अधिक मोलाचा भाग कदाचित हाच असावा. आकाशच्या किमतीची चर्चा देशभर झाली. त्यावर मराठीत काय वाचावयाचे, याची मात्र फारशी झाली नाही.

जाळ्याविना चालणारे ॲप

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. या कार्यासाठी त्यांना २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. पुस्तकातील चौकोनी खूण फोनने टिपली की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. मात्र या खुणेत बहुधा पाठ नसतो, पाठाचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर जाण्यास जाळे लागते. म्हणूनच केंद्र शासनाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपमधील पाठ उतरवून ठेवण्याची सोय स्थलांतरित मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. कुटुंब गाव सोडण्यापूर्वी शाळेतच हंगामाचे पाठ फोनमध्ये भरून दिल्यास कोपीवर जाळ्याची गरज पडत नाही. फोन कोपीत राहील की बापाच्या खिशात फडावर जाईल, हा प्रश्न अर्थात तंत्रज्ञानाचा नव्हे. पाठ लहान असावेत आणि संध्याकाळच्या तासाभरात पुरे व्हावेत, हे त्यावरून ठरते.

शिक्षकास स्वतः ॲप करावयाचे असल्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे ‘ॲप इन्व्हेंटर’ हे मोफत साधन आहे. त्यात आज्ञा लिहाव्या लागत नाहीत, ठोकळे जोडावे लागतात. गुगलच्या भांडारात ॲप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर नोंदणी शुल्क पडते, तर ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर. अँड्रॉइडचे ॲप धारिकेच्या रूपात एका उपकरणावरून दुसऱ्यावर जाळ्याविनाही देता येते. तथापि अनोळखी माणसाकडून आलेली धारिका कदापि उघडू नये, हे पालकांना त्याच वेळी सांगावे. मुलांची नावे, छायाचित्रे, आधार क्रमांक अशी माहिती पाठाच्या ॲपला लागत नाही, म्हणून ती मागूही नये.

पुष्कळ शाळांची व ग्रामपंचायतींची संकेतस्थळे उत्साहाने सुरू होतात आणि दुसऱ्या वर्षी बंद पडतात. नोंदलेल्या नावाचे शुल्क मुदतीत भरले गेले नाही तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. ज्या शिक्षकाच्या खाजगी खात्यावर सर्व नोंदी असतात, त्याची बदली होताच परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो. खाते शाळेच्या वा पंचायतीच्या नावे असावे, शुल्काची तारीख रोकडवहीत लिहावी आणि सर्व मजकुराची एक प्रत वेगळ्या डिस्कवर शाळेच्या कपाटात ठेवावी. हे काम ऑक्टोबरपूर्वी झालेले बरे. त्यानंतर वर्गातील बाके रिकामी होऊ लागतात.