पाहुणा ताल आणि घरचें वाद्य

एखाद्या गवयानें घराण्याची रीत सोडून लोकांना रुचेल तें गाण्यास आरंभ केला, म्हणजे रसिकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, बुवा बाजारांत उतरले. दुसरा म्हणतो, बुवांनीं काळ ओळखला. लंडनच्या ‘क्वीन’ ह्या रॉक बँडविषयीं हाच वाद १९८२ सालीं मोठ्या हिरिरीनें झाला.

रॉक संगीतांत मान गिटारचा. क्वीनच्या ब्रायन मे यानें तर आपली गिटार वडिलांच्या साह्यानें घरींच बनविली होती, आणि तिचा नाद हीच बँडची ओळख होती. विजेच्या योगानें स्वर निर्माण करणाऱ्या सिंथेसायझरचा उपयोग केलेला नाहीं, असें त्यांच्या आरंभींच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर अभिमानानें छापलेलें असे. गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बुलसारा. जन्म झांझिबारच्या पारशी कुटुंबांतला, शिक्षण आपल्या पांचगणीचें.

१९८० सालीं बास गिटार वाजविणाऱ्या जॉन डीकन यानें ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हें गाणें रचलें. त्यावर अमेरिकेंतील ‘शीक’ ह्या बँडच्या नृत्यसंगीताची छाप होती. बासची एक लहानशी लकेर, खालीं कोरडा, अढळ ठेका आणि मध्यें सोडलेल्या मोकळ्या जागा, एवढेंच त्याचें भांडवल. परंतु अमेरिकेंतील नभोवाणीनें तें उचलून धरलें आणि तें तेथील यादींत पहिलें आलें.

मग पाहुणा ताल घरांत राहावयास आला. मे १९८२ मध्यें ‘हॉट स्पेस’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या पहिल्या बाजूवर नृत्याचींच गाणीं होतीं. बासचें काम बरेंचसें सिंथेसायझर करी, तालाचें काम यंत्र करी, आणि ‘बॉडी लँग्वेज’ ह्या गाण्यांत तर गिटार जवळजवळ ऐकूंच येत नसे. मे आणि ड्रम वाजविणारा रॉजर टेलर यांना ही दिशा रुचली नव्हती, असें त्यांनींच पुढें सांगितलें. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ जिच्यांत होतें ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेंत पहिली आली होती. ही बाविसावी आली. शिकागोंत १९७९ च्या जुलैंत भर मैदानांत डिस्कोच्या तबकड्या स्फोटकांनीं उडविल्या गेल्या होत्या. त्या रोषांत कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांविषयींचा तिटकाराही मिसळला होता. तेव्हां अपयशाचा सारा दोष संगीताच्या पदरीं घालणें न्यायाचें नाहीं.

तरीही कांहीं तरी हरवलें होतें, तें काय? ख्यालांत ठेका गायकाची सोबत करतो. नृत्यांत तोच पुढें होऊन पावलांना चालवितो. नाचणाऱ्याचें पाऊल चुकूं नये म्हणून त्याला एकसारखें राहावें लागतें. मग गिटारचा आवेग, थबकणें, पुन्हा उसळणें यांना जागा उरत नाहीं. १९८० च्या गाण्यांत त्या ठेक्याभोंवतीं चौघे गोळा झाले होते. १९८२ मध्यें ठेक्यानें त्यांतील दोघांना बाजूस सारलें. ह्याचा पुरावा मिल्टन कीन्स येथील ५ जून १९८२ च्या जलशांत मिळतो. ‘स्टेइंग पॉवर’ ह्या गाण्यांतील पितळी वाद्यें तेथें नव्हतीं. त्यांची जागा गिटारनें घेतली, यंत्राऐवजीं टेलर स्वतः वाजवूं लागला, आणि तेंच गाणें जिवंत झालें. दोष नृत्याचा नव्हता. घरच्यांना उठवून पाहुण्याला बसविलें, हा होता.

१९८४ सालीं ‘द वर्क्स’मध्यें गिटार परतली, पण सिंथेसायझरही राहिला. त्यांतील सर्वांत गाजलेलें ‘रेडिओ गा गा’ हें नभोवाणीवरील प्रेमाचें गाणें यंत्राच्याच ठेक्यावर उभें आहे. आणि तें रचणारा होता ड्रमवाला टेलर!