टॅगांच्या भानगडी (भाग १७) : दोन तारखेचा माणूस

या आठवड्यात नेमस्पेस उलगडायचा वायदा होता. पॅकेज-इन्फोची फाइल उघडून बसलो होतो, चहाही आला होता. तेवढ्यात हिंगणघाटच्या एका वाचकाचा प्रश्न वाचला आणि नेमस्पेस झाकून ठेवला. तो कुठे पळून जात नाही. तारखा पळतात, आणि नेमक्या एक दिवस मागे पळतात.

प्रश्न असा. हे गृहस्थ जिनिंगमधल्या कापूस-खरेदीचं सॉफ्टवेअर सांभाळतात. काट्याजवळच्या संगणकावरून पावती एक्सएमएल होऊन दूरच्या सर्व्हरवर जाते. दोन्हीकडे जावा, आणि पद्धत आपली कोड-फर्स्टच : आधी क्लास लिहायचा, डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सेवेचं वर्णन, यंत्राने काढून द्यायचं. पावती आज फाडली की सर्व्हरवर कालची तारीख लागते. कापसाचा भाव रोज बदलतो, त्यामुळे कालची तारीख म्हणजे कालचा भाव, आणि ते भांडण थेट काट्यावर येतं. पुढे ते लिहितात, ‘गंमत म्हणजे वजन केल्याची नोंद बरोबर येते, पावतीची तारीख तेवढी चुकते. दोन्हींचा टाइप एकच आहे, डेट.’

साहेब, तुमचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंत. वजनाच्या नोंदीत वेळ असते, सकाळचे अकरा, दुपारचे तीन. पावतीच्या तारखेत वेळ नसते, म्हणजे जावाच्या हिशेबी तिथे रात्रीचे बारा वाजलेले असतात. अकरातून साडेपाच तास वजा केले तर पहाटेचे साडेपाच उरतात, दिवस तोच राहतो. रात्रीच्या बारातून साडेपाच तास वजा केले की आदल्या दिवसाची संध्याकाळ लागते. वेळा बरोबर आणि तारखा चूक असं दिसलं, की डेटाबेसला, नेटवर्कला किंवा काट्यावरच्या पोराला दोष देऊ नका. सर्व्हरचं घड्याळ कुठल्या गावचं आहे ते बघा.

या दुखण्याचं मूळ नावात आहे. जावाच्या जुन्या ‘डेट’ला तारीख कळतच नाही. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद गेले, एवढा एक आकडा त्याच्या पोटात असतो. तो काळाचा एक क्षण झाला. त्या क्षणी वर्ध्यात एक तारीख असेल, लंडनमध्ये दुसरी. कोड-फर्स्टमध्ये तुम्ही क्लासमध्ये डेट लिहिता आणि जावाच्या वस्तूंचं एक्सएमएल करणारं जेएक्सबी मुकाट्याने त्याचं ‘डेटटाइम’ करून मोकळं होतं. तारेवरून जातं ते असं : १९७२-०६-०१, मग टी हे अक्षर, मग ००:००:००, आणि शेपटीला +०५:३०. पलीकडचा सर्व्हर भाड्याचा, त्याचं घड्याळ ग्रीनिचचं. तो प्रामाणिकपणे ती वेळ स्वतःच्या घड्याळात बसवतो. ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. मग तुमचाच कोड त्यातली वेळ कापून टाकतो आणि तारीख तेवढी तक्त्यात भरतो. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, तरी दिवस गेला तो गेलाच.

मी १९७२-०६-०१ उगाच लिहिलं नाही. एक जून ही आपल्याकडची सगळ्यात मोठी जन्मतारीख. शाळेत नाव घालायला गेलेल्या बापाला तारीख आठवली नाही की गुरुजी एक जून टाकायचे, नाहीतर एक जुलै. मी स्वतः कागदावर एक जूनचाच. आई सांगते, तू तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झालास, पोरं लाकडी बैल घेऊन दारात उभी होती. म्हणजे खरी तारीख श्रावण संपल्यावरची. पण दाखल्यावर एक जून आहे, तर एक जूनच.

या एक जूनने मला आठ महिने फसवलं. हिंगणघाटचा प्रश्न वाचून नेमस्पेस बाजूला पडला तो या आठवणीने.

आमच्या वर्ध्यातल्या एका संस्थेसाठी मी निवृत्तीच्या तारखा काढणारी सेवा लिहिली होती. आस्थापना शाखेतल्या संगणकावरून कर्मचाऱ्याची माहिती यायची, सर्व्हर निवृत्तीची तारीख काढून परत द्यायचा. चूक वर सांगितली तीच, प्रत्येकाची जन्मतारीख एक दिवस मागे. आठ महिन्यांत एकही तक्रार नाही! असं कसं?

नियम बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला दहावा नियम. कर्मचारी ज्या महिन्यात अठ्ठावन्न वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. चतुर्थ श्रेणीला साठ वर्षं. अपवाद एक : ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो. म्हणून एक जूनवाला ३१ मेला घरी.

आता माझी चूक या नियमातून चालवून बघा. १ जूनला जन्मलेला माणूस माझ्या सर्व्हरवर ३१ मेला जन्मला. मेमध्ये जन्मलेला मेअखेर निवृत्त होतो, म्हणजे ३१ मे. उत्तर बरोबर! पंधरा तारखेवाला चौदाचा झाला. महिना तोच, उत्तर बरोबर. तीसचा एकोणतीस झाला, तरी बरोबर. चुकीच्या तारखेवरून बरोबर उत्तर येत होतं, आणि तेही जवळजवळ प्रत्येकाचं. आम्ही चाचणीला घेतलेली नावंही अशीच. एक माझं, एक जून. दुसरं माझ्या जोडीदाराचं, एक जुलै. दोन्ही पास झाली आणि आम्ही चिवडा मागवला.

महिन्याच्या सगळ्या तारखांत या चुकीला सापडणारी तारीख एकच, दोन. दोन तारखेवाला मागे सरकला की एक तारखेवाला होतो, आणि एक तारखेवाल्याला नियम आदल्या महिन्यात ढकलतो. पुढच्या सहा महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची यादी निघाली, तिच्यात असे एक लिपिक होते. सेवापुस्तकात जन्म २ जुलै १९५८. निवृत्ती व्हायला हवी ३१ जुलै २०१६ ला, यादीत छापली ३० जून. एक महिन्याचा पगार तर गेलाच, पण वार्षिक वेतनवाढ तेव्हा १ जुलैला पडायची, तीही एका दिवसाने हुकली. त्यांनी यादी घेऊन मोठ्या बाबूंना गाठलं, आणि मोठ्या बाबूंनी मला फोन लावला : ‘तुमचं मशीन सगळ्याईले एक दिवस आधीच जन्माले घालून राह्यलं ना जी!’

इतकं नेमकं निदान मला आजवर कुठल्याही एरर लॉगने दिलेलं नाही.

मी पहिला इलाज केला तो सगळेच करतात तो. सर्व्हरवरच्या जावाला सुरू होतानाच बजावलं, की तुझं घड्याळ आजपासून एशिया-कोलकाता. तारखा जागेवर आल्या. मी खूश. दोन आठवड्यांनी जुन्या निवृत्तांची यादी एका दुसऱ्या सॉफ्टवेअरला पाठवली, ते डॉटनेटमध्ये लिहिलेलं. तिथून उत्तर आलं, तिघांची जन्मतारीख एक दिवस मागे आहे. शेकडो नावांत फक्त तिघं. तिघांची जन्मवर्षं १९४३, १९४४ आणि १९४५.

तारेवरचा मजकूर काढून बघितला तेव्हा डोळे चोळले. बाकी सगळ्यांच्या शेपटीला +०५:३०, या तिघांच्या शेपटीला +०६:३०.

जावा खरं बोलत होतं. दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळं एक तास पुढे केली होती. १९४१ च्या ऑक्टोबरपासून १९४२ च्या मेपर्यंत एकदा, आणि मग १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सलग. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इथे वर्ध्यात ‘भारत छोडो’चा ठराव केला, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ साडेपाच तासांच्या हिशेबाने चालत होतं; दीड महिन्यात ते साडेसहावर गेलं. वर्ध्याचा सूर्य तसाही प्रमाणवेळेपेक्षा सुमारे सोळा मिनिटं मागे चालतो, त्या तीन वर्षांत तो सव्वा तासाहून अधिक मागे पडला. इंग्रज गेले, तो तास जावाच्या कालविभागांच्या तक्त्यात राहिला. ते डॉटनेट विंडोजच्या वेळेवर चालत होतं, आणि विंडोजच्या भारतीय वेळेत हा इतिहास नाही. त्यामुळे १ जून १९४४ ची मध्यरात्र तिकडे पोचली ती ३१ मेच्या रात्री अकराला. माझ्या सर्व्हरवर महायुद्ध संपलेलं नव्हतं.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. घड्याळ जुळवणं हा इलाजच नव्हे. जन्मतारीख हा क्षण नाहीच. ती कागदावर लिहिलेली गोष्ट आहे, शाईने, वर्ष-महिना-दिवस अशी. तिला गावही नाही आणि घड्याळही नाही. पावतीची तारीख तशीच, कोजागरीची तारीख तशीच. क्षण असतो तो वजनाचा, पैसे जमा झाल्याचा, दरवाजा उघडल्याचा.

आधारच्या प्रमाणीकरणाचं तपशीलपत्र लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं होतं, म्हणून मला ते आवडतं. तिथली विनंतीही एक्सएमएलच. तिच्यातली जन्मतारीख पूर्ण वर्ष-महिना-दिवस अशी चालते, किंवा नुसतं वर्षही चालतं. शिवाय ती तारीख पडताळलेली, सांगितलेली की अंदाजाची, हे वेगळं नोंदायची सोय आहे. आधार जोडून गॅसचं अनुदान थेट खात्यात जमा व्हायला १ जून २०१३ ला सुरुवात झाली आणि वर्धा जिल्हा पहिल्याच टप्प्यात होता. तारीख पुन्हा एक जूनच! तेव्हा एजन्सीपुढच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांच्या हातातली आधार कार्डं आठवा. कित्येकांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं होतं. नुसतं १९५० हे जावाच्या डेटमध्ये कसं भरणार? १ जानेवारी टाकावी लागते, म्हणजे गुरुजींचंच काम पुन्हा करायचं.

आता इलाज. आधी अर्धा इलाज सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच थांबतात. फील्डवर एक्सएमएल-स्कीमा-टाइप लावून ‘डेट’ म्हणून सांगितलं की वेळ गळून पडते, पण शेपूट राहते : १९७२-०६-०१+०५:३०. पलीकडे जुना डेटच बसला असेल तर तो याचीही मध्यरात्र करतो आणि पुन्हा साडेपाच तास मागे ओढतो. दुखणं तेच, कपडे बदललेले.

पूर्ण इलाज म्हणजे क्लासमधून जुना डेट काढून लोकल-डेट घालणं. हा जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून आपल्याकडे आहे आणि याच्या पोटात वर्ष, महिना, दिवस एवढंच असतं. जेएक्सबीला त्याची ओळख नसते, म्हणून मध्ये एक्सएमएल-अडॅप्टर हा दुभाषा बसवावा लागतो : जाताना लोकल-डेटची साधी स्ट्रिंग, येताना स्ट्रिंगचा लोकल-डेट. स्कीमा-टाइपची खूण मात्र काढू नका, नाहीतर डब्ल्यूएसडीएलमध्ये तारखेच्या जागी स्ट्रिंग छापली जाईल आणि समोरचा त्यात ‘तान्हा पोळा’सुद्धा पाठवू शकेल.

या दुभाषाच्या दोन खोडी आहेत. पहिली, लोकल-डेटचं नेहमीचं पार्स शेपूट सहन करत नाही. समोरून जुनी मंडळी +०५:३० लावून पाठवतच राहणार, तेव्हा पार्सला आयएसओ-डेट हा फॉर्मॅटर द्या. त्याला शेपूट असली तरी चालते, नसली तरी चालते. दुसरी खोड जास्त वाईट. अडॅप्टरमध्ये एक्सेप्शन उडालं तर साधा अनमार्शलर ते गिळून टाकतो आणि तुमच्या हाती नल ठेवतो. लॉगमध्ये अक्षर नाही. म्हणून अनमार्शलरला स्वतःचा इव्हेंट हँडलर लावा आणि त्याला बोलायला लावा. मागच्या एका भागातही हेच सांगितलं होतं. जेएक्सबी मुळात अबोल आहे, त्याला विचारल्याशिवाय ते सांगत नाही.

हिंगणघाटच्या वाचकांनी पावतीच्या तारखेला लोकल-डेट करावं आणि वजनाच्या नोंदीला हात लावू नये. ती खरोखरच क्षण आहे, तिला तिचं घड्याळ हवंच. सध्याच्या हंगामात तेवढं जमत नसेल तर सर्व्हरचं घड्याळ कोलकात्याला लावून हंगाम काढा. कापसाच्या पावत्यांत १९४४ ची कोणी फाडणार नाही.

नेमस्पेस पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर एक काम करा. तुमच्या चाचणीच्या यादीत आज एक नवा कर्मचारी भरती करा. नाव काहीही ठेवा, जन्म मात्र दोन तारखेचा घाला. आणि वर्ष १९४४.