आठ विजय आणि राखीव जागेचा हिशेब

१९५२ ते १९८४ या काळात बाबू जगजीवनराम यांनी लोकसभेच्या आठ निवडणुका लढविल्या आणि आठही जिंकल्या. १९८६ साली मृत्यू आला तेव्हाही ते सासारामचे खासदार होते. आणि घटनेचे शिल्पकार बाबासाहेब? १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात त्यांचा पराभव झाला. हे दोन निकाल शेजारी ठेवल्याशिवाय राखीव जागेचा हिशेब उलगडत नाही.

१९३२ च्या पुणे कराराने जागा राखीव झाल्या, पण मतदारसंघ संयुक्तच राहिले. उमेदवार दलित असतो. त्याला निवडून देणारी बहुसंख्य मते मात्र दलितेतरांची असतात. अशा व्यवस्थेत मोठ्या पक्षाचा हात डोक्यावर असलेला माणूस निवडून येतो आणि स्वतंत्र बाण्याचा माणूस पडतो, हा आपला अनुभव आहे.

पण जगजीवनराम यांना केवळ काँग्रेसचे बाहुले म्हणून निकालात काढता येत नाही. १९७५ साली आणीबाणीच्या मंजुरीचा ठराव त्यांनीच लोकसभेत मांडला, हे खरे. परंतु फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली. त्यानंतरच्या तीन निवडणुका ते काँग्रेसविरुद्ध लढले आणि जिंकले. १९८४ च्या लाटेत काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. तरीही दीड हजाराहून कमी मतांनी का होईना, सासारामने त्यांनाच निवडले. ही मते त्यांची स्वतःची होती.

मग अडले कुठे? १९४६ च्या हंगामी सरकारात ते मजूरमंत्री झाले. १९७१ च्या युद्धात ते संरक्षणमंत्री होते. १९७९ साली उपपंतप्रधान झाले. पण १९७७ साली पंतप्रधानपद मोरारजींकडे गेले. १९७९ साली चरणसिंगांनी राजीनामा दिल्यावर राष्ट्रपतींनी जगजीवनरामांना संधी न देताच लोकसभा विसर्जित केली. १९७८ साली, ते देशाचे संरक्षणमंत्री असताना, वाराणसीत त्यांनी अनावरण केलेला संपूर्णानंदांचा पुतळा गंगाजलाने धुण्यात आला!

संरक्षणमंत्र्याच्या स्पर्शाने जिथे दगड विटाळतो, तिथे गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय? राखीव जागा सभागृहाचे दार उघडते, हे मोलाचे आहे. ते दार आपण सोडता कामा नये. पण जात मतपेटीत मरत नाही. ती मारण्याची लढाई सभागृहाबाहेर, संघटित होऊन आपल्यालाच लढावी लागेल.